सात अपक्षांचं बेट

आमचं बेट किनाऱ्यापासून इतकं जवळ, की वारा पडला की पलीकडच्या बंदरावरचा कोंबडा आरवलेला आम्हाला ऐकू येतो. आणि इतकं लांब, की बाईचं बाळंतपण अडलं तर होडी मिळेपर्यंत सगळ्या आळीचा जीव टांगणीला लागतो. पण ग्रामपंचायत आमची स्वतःची. पलीकडच्या मोठ्या गावात आम्हाला मिसळून टाकायचं घाटत होतं तेव्हा माझ्या वडिलांच्या पिढीने तालुक्याला जाऊन ठणकावून सांगितलं होतं, ‘आमचं आम्ही बघू.’ तेव्हापासून सात सदस्य, त्यांचा एक सरपंच, आणि ‘सार्वत्रिक निवडणूक’ असं मोठं नाव असलेली आमची छोटी निवडणूक. पक्षाचे झेंडे बेटावर यायचे ते विधानसभेला. पंचायतीला पक्ष नाहीच. जो उभा राहील तो अपक्ष. कुणी कपबशी घेऊन, कुणी पतंग घेऊन.

खरं तर उभं राहायची वेळसुद्धा क्वचितच यायची. जाणती माणसं बंदरावरच्या समाजघरात बसून सात नावं ठरवायची, सात अर्ज जायचे, आणि निवडणूक बिनविरोध व्हायची. याचा आम्हाला अभिमान होता. पलीकडच्या गावात डोकी फुटायची, आमच्याकडे नारळ फुटायचा.

मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी कतारला गेलो. त्याआधी बेटावरचे बरेच जण गेलेले होते. आम्हा कोळ्यांना समुद्राचं काम शिकवावं लागत नाही, म्हणून कुणी जहाजं ओढणाऱ्या टगवर, कुणी बंदरात, आणि बरेच जण उत्तरेला अल रुवैसला, अरबांच्या मच्छीमार लाँचांवर. मी दोह्यात होतो. पुढे द पर्लचं काम सुरू झालं तेव्हा मला सर्व्हे बोटीवर घेतलं. समुद्रात भराव टाकून नवं बेट उभं करायचं चाललं होतं, आणि भराव पडतोय तिथे तळ किती खोल आहे ते आमच्या बोटीवरचं यंत्र मोजायचं. बोट सरळ रेषेत चालवणं हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण वाऱ्यात आणि ओढीत बोट सुतात ठेवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

शुक्रवारी सुट्टी. बेटावरचे आम्ही सगळे अल रुवैसला मामांच्या खोलीवर जमायचो. हे माझे सख्खे मामा नव्हते, आईच्या नात्यातले; पण कतारमधल्या आम्हा सगळ्यांचे ते मामाच. सगळ्यात आधी आलेले, लाँच चालवणारे सगळ्यात जुने तांडेल. त्यांचा अरब मालकही त्यांना विचारल्याशिवाय लाँचचा नांगर उचलायचा नाही. मामांच्या खोलीत स्टोव्हवर माशाचं कालवण शिजायचं, भाताचं मोठं पातेलं उतरायचं, आणि जेवणं झाली की बेटाचा कारभार निघायचा. कुणाच्या घरावर पत्रे घालायचे, जत्रेला वाजंत्री कुठली, समाजघराला रंग कुठला. निम्मे पुरुष इकडे आल्यावर समाजघरातली बैठकच जणू इकडे आली होती.

दोन हजार सालानंतरच्या दुसऱ्या निवडणुकीची गोष्ट सांगतोय. त्या शुक्रवारी जेवणानंतर मामांनी पाट मागितला, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “चला, नावं घेऊ.”

सात नावं घ्यायला फार वेळ लागला नाही. चार पुरुष. त्यात मामांचे थोरले बंधू, ते सरपंच होणार हे सगळ्यांना ठाऊक. आणि एक म्हातारा होडीवाला, त्याच्याशी कुणाचं वैर नव्हतं म्हणून. बाकी तीन जागा बायकांच्या होत्या. त्या भरताना कुणी बायकांची नावंसुद्धा घेतली नाहीत. “एक मामांची सून, एक वरच्या आळीतल्या त्या जाळं फेकणाऱ्या पागीची बायको, आणि एक मामांची धाकटी वहिनी.” झालं. मामा म्हणाले, “खलास,” आणि चहा आला.

चहा अजून हातात होता तेवढ्यात आमच्यातल्या एकाचा मोबाइल वाजला. बेटावरून त्याचा भाऊ बोलत होता. तो ऐकत गेला आणि माझ्याकडे बघत गेला. फोन ठेवून म्हणाला, “अर्ज आठ आलेत.”

“आठवा कुणाचा?” मामांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे बोट केलं. “यांच्या घरातून. वहिनींचा.”

मला काहीच माहीत नव्हतं. आधल्याच दिवशी तिच्याशी फोनवर बोलणं झालं होतं. मुलीचा ताप, घराचं कौल, सगळं बोलली, हे बोलली नाही. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मामा रागावले नाहीत, निदान तसं दाखवलं नाही. म्हणाले, “पोरीला कुनीतरी भरीला घातलं असल. फोन लाव. अर्ज मागं घ्यायची तारीख अजून हाय.”

मी फोन लावला. कुणीतरी म्हणालं, स्पीकरवर ठेव. ठेवला.

माझ्या बायकोची थोडी ओळख द्यायला हवी. लग्न होऊन बेटावर आली तेव्हा दहावी झालेली बेटावरची ती तिसरी की चौथी बाई. सासू-सासऱ्यांचं केलं, दोन मुलं वाढवली, आणि सुक्या बोंबलाची टोपली घेऊन होडीने पलीकडच्या बाजारात जायची. बेटावरच्या बायकांचा पहिला बचत गट तिने काढला. बोलायची कमी. पण बाजारात गिऱ्हाइकाशी भाव करताना जो आवाज लागतो, तो तिच्याकडे होता आणि हवा तेव्हा निघायचा.

“अहो, शुक्रवारी कसा फोन? मामांकडे असाल ना?” ती म्हणाली.

“मामांकडेच आहे. सगळे बसलेत.”

“मग सगळ्यांना ऐकू जातंय का?”

“जातंय.”

“बरं झालं. मामा, पाया पडते.”

मामांनी घसा साफ केला. “काय गो, अर्ज भरलास म्हने?”

“भरला, मामा.”

“आमी सगळ्यांनी मिळून नावं ठरवलीत. बेटाची रीत तुला ठाऊक हाय. बिनविरोध.”

“रीत ठाऊक आहे, मामा. पण मला एक सांगा, त्या सात जणांत पाणी भरणारं कोण आहे?”

पाण्याचं काय ते सगळ्यांना माहीत होतं. बेटाच्या विहिरी मचूळ. पिण्याचं पाणी पलीकडून पिंपांत भरून होडीने यायचं आणि बायका चिखलातून कंबरभर पाण्यात उतरून ते वर आणायच्या. खाडीखालून नळ टाकायचं कधीच मंजूर झालेलं होतं. पाइप पलीकडच्या बंदरावर येऊन पडलेही होते, आणि त्यांच्यावर लोक जाळी वाळत घालत होते. आम्ही इकडून फ्रीज पाठवले, टीव्ही पाठवले. कुणी कुणी तर नळाच्या तोट्या पाठवल्या, स्टीलच्या, भिंतीत बसवून ठेवल्या. त्यातून कधी थेंब आला नव्हता.

“पान्याचं बघू ना,” मामा म्हणाले. “भाऊ सरपंच झाला की पैलं काम तेच.”

“ते मागच्या वेळी पण सरपंचच होते, मामा.”

कोपऱ्यात कुणीतरी हसू दाबलं. मामांचा आवाज चढला. “म्हंजे तू ऐकनार नाय?”

“मामा, तुमचा मान आहे. पण मतदार इथं आहेत. निवडणूक कतारमध्येच करायची असेल तर मतपेटी पण तिकडेच मागवून घ्या.”

आता मात्र सगळी खोली हसली. मामा सोडून. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. “तू सांग तिला. तुझं ऐकल.”

मी फोन कानाला लावला. स्पीकर तसाच चालू होता. मी एवढंच विचारलं, “ठाम आहेस ना?”

“आहे.”

“मग कुठलं चिन्ह मागणार?”

मी असं विचारीन असं तिला वाटलं नसावं. मग म्हणाली, “शिट्टी मिळाली तर बरं.”

“माग मग,” म्हणालो, आणि फोन बंद केला. मामांना सांगितलं, “ती मागे घेणार नाही, आणि मी तिला घे म्हणणार नाही.” त्या दिवशी परतताना गाडीत माझ्याशी कोणी बोललं नाही. पण माझी छाती मात्र आतून फुगली होती, ते कुणाला कळू नये म्हणून मी खिडकीबाहेरच बघत बसलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं वाळवंट.

बाकीच्या सहा जागा बिनविरोध झाल्या. लढत एकाच जागेवर, आमच्या वाडीत. एका बाजूला मामांची धाकटी वहिनी, कपबशी. दुसऱ्या बाजूला माझी बायको, शिट्टी. आणि कतारमधून प्रचार सुरू झाला. प्रत्येक जण घरी फोन करून सांगायचा, ‘आईला सांग, कपबशी. काकीला सांग, कपबशी.’ माझ्यासमोरही सांगायचे, अगदी राजरोस. एक मित्र फोन ठेवून मला म्हणाला, “रागावू नकोस रे, मामांचा शब्द आहे.” मी म्हणालो, “मी कशाला रागावू? सांग की.” पलीकडून त्याला उत्तर काय मिळायचं ते काही आम्हाला ऐकू येत नव्हतं.

बोटीवर माझा साहेब केरळचा होता. मी फोनवर काय खुसफुसतो ते त्याने एकदा विचारलं. मी हिंदीत सगळं सांगितलं.

“वाइफ कौन सी पार्टी से है?”

“पार्टी नहीं है, सर. सब अपक्ष.”

“सब? सातों के सात?”

“सातों.”

त्याला हे पटेना. त्यांच्याकडे म्हणे ग्रामपंचायतसुद्धा पक्षावरच लढतात, भिंती रंगवतात, मिरवणुका काढतात. “पार्टी नहीं तो लोग वोट किस को देखकर देंगे?”

“आदमी को देखकर,” मी म्हणालो, आणि मग सुधारलं, “औरत को.”

तो हसला आणि बोटीची पुढची रेषा लावायला सांगितली. पण त्यानंतर रोज सकाळी बोटीवर चढताना विचारायचा, “शिट्टी कैसी है?”

मतदानाआधीच्या शुक्रवारी मी अल रुवैसला जाऊ की नको या विचारात होतो. शेवटी गेलो. न जाणं म्हणजे घाबरलो असं झालं असतं. धक्क्यावर मामा आणि त्यांचे मालक जाळ्यांच्या ढिगाशी उभे होते. मालक म्हातारे अरब, दाढी पांढरी, मामांशी अरबी आणि हिंदीची खिचडी करून बोलायचे. त्यांना कुणीतरी आमची भानगड सांगितली होती. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि तुझीच बायको का, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो.

“ही तुझी भाचेसून?” त्यांनी मामांना विचारलं. मामांनी मान हलवली.

मालक सांगू लागले. काही वर्षांपूर्वी इथेही बलदियाचं, म्हणजे नगर परिषदेचं, मतदान पहिल्यांदा झालं. बायकांनीसुद्धा मत दिलं. पक्ष इथेही नव्हते. जो उभा तो आपल्या नावावर उभा. “मी माझ्या मुलीला गाडीत घालून घेऊन गेलो,” ते म्हणाले. “वाटेत सांगितलं, अमक्याला दे, तो आपला नातेवाईक. ती हो म्हणाली. परत येताना विचारलं, दिलंस ना? तर म्हणाली, बाबा, ते विचारायचं नसतं.” आणि ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मामांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “तू आता समुद्र बघ. ते खलास झालं आपल्या हातातून.”

त्या दिवशी मला जेवायला बसवताना कालवणातलं डोकं त्यांनी माझ्या ताटात घातलं. आमच्याकडे ते मानाचं.

मतदानाच्या दिवशी मी समुद्रात होतो. ड्रेजरने रात्रभर वाळू ओतली होती आणि आम्हाला सगळा पट्टा मोजायचा होता. मोबाइल डब्यात ठेवायचा नियम, मी ठेवला. मन सारखं बेटावर. आता होड्या लागल्या असतील, आता शाळेसमोर रांग लागली असेल. साहेब एकदा वळून म्हणाला, “आज लाइन टेढी जा रही है.” मग काय वाटलं त्याला, स्वतःच म्हणाला, “चलो, चाय पीते हैं.”

मोजणी दुसऱ्या दिवशी तालुक्याला. आमच्याकडे एकाच वाडीची मतं मोजायची, त्यामुळे नंबर लवकर लागला. दुपारी आम्ही धक्क्याला बोट लावत होतो तेव्हा फोन वाजला. उचलला तर कानात शिट्टी. इतकी कर्कश की मी फोन लांब धरला. मग माझ्या मुलीचा आवाज, “पप्पा, आई आली! आई निवडून आली!” आणि मागे सगळी होडी शिट्ट्या वाजवत होती. तालुक्याहून परतताना खाडीच्या मध्यातून त्यांनी फोन केला होता.

“आईला दे.”

तिने फोन घेतला. आवाज बसलेला. “अहो, आले मी निवडून.”

“किती मतांनी?”

“चांगल्या मतांनी. सांगते नंतर. इथं काही ऐकू येत नाहीये. जेवलात का?”

मी जेवलो नव्हतो. पण जेवलो म्हणालो. तिथेच धक्क्यावर साहेबांनी माझा हात धरून हलवला आणि आसपासच्या खलाशांना सांगितलं, “इसकी वाइफ इलेक्शन जीत गई!” बांगलादेशी, नेपाळी, फिलिपिनो, सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवले. कुणाला काय कळलं असेल ते असो. मी आयुष्यात इतके हात एका दिवसात मिळवले नव्हते, लग्नातसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. म्हणाले, “अभिनंदन.” मग म्हणाले, “तुझ्या मामीनं पन शिट्टीलाच दिलं. सोताच सांगितलंन. मी विचारलं बी नवतं.”

पण खरी गोष्ट पुढेच होती. सात निवडून आले म्हणजे सरपंच ठरला असं नाही. सरपंच सातांनी आपल्यातून निवडायचा. सहा जण मामांनी ठरवलेले, एकटी माझी बायको बाहेरची. हिशेब सरळ होता. मी तिला म्हणालो, “आता सदस्य म्हणून पाण्याचा विषय लावून धर. तेवढं पुरे.” ती हं म्हणाली.

पहिल्या सभेला तालुक्याहून अधिकारी आले. मामांच्या थोरल्या बंधूंचं नाव आलं. दुसरं नाव कुणाचं आहे का, असं अधिकाऱ्यांनी रिवाज म्हणून विचारलं. तेव्हा मामांची सून उभी राहिली. त्या घरात जोरात बोललेली तिला कुणी ऐकली नव्हती. तिने माझ्या बायकोचं नाव सुचवलं. वरच्या आळीतल्या पागीच्या बायकोने अनुमोदन दिलं. हात वर करून मतदान झालं. तीन बायकांचे तीन हात. आणि चौथा हात म्हाताऱ्या होडीवाल्याचा.

नंतर कुणीतरी त्याला विचारलं, तू असं कसं केलंस, तुला तर आम्ही आणलं. तो म्हणाला, “माझ्या होडीत बोंबील कमी न् पिंपं जास्ती. नळ येत असल तर कुनाला बी देईन.” मामांचे बंधू अधिकाऱ्यांना म्हणाले, आमचं ठरलेलं होतं, हे लोक आमचे. अधिकाऱ्यांनी कागदावरून वर न बघता सांगितलं, “इथं सगळे अपक्ष आहेत. कुणी कुणाचं नाही.”

हे सगळं मला बायकोने फोनवर सांगितलं तेव्हा मला दोनदा विचारावं लागलं, “म्हणजे सरपंच कोण?”

“मी,” ती म्हणाली. आणि हसायला लागली. आणि मग रडायला लागली.

पुढचा शुक्रवार मी विसरणार नाही. मामांच्या खोलीत सगळे बसले होते. मामा बोटं मोजत होते. “एक ती. दोन पागीची. तीन होडीवाला. चौथं कोन?” कुणी सांगायला तयार नाही. शेवटी त्यांचाच मुलगा, तोही तिथेच लाँचवर कामाला होता, हळूच म्हणाला, “बाबा, आपल्या घरचीच.”

मामांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग मान खाली घालून हसायला लागले, असे की पोट हलत होतं. म्हणाले, “आयला, नावं आमी ठरवली न् सरपंच त्यांनी!” मग स्टोव्हकडे बघून ओरडले, “अरे, यल्ला, आज कोलंबी काढा. सरपंचाचा नवरा आलाय.”

त्या दिवसापासून मला वेगळाच त्रास सुरू झाला. जो तो मला सांगे, वहिनींना सांग, आमच्या गल्लीत दिवा हवा. वहिनींना सांग, दाखला अडलाय. पलीकडच्या गावांत सरपंच बाईच्या नावाने तिचा नवरा कारभार बघायचा, सह्यासुद्धा तोच करायचा. लोकांना वाटलं इथेही तसंच. मी पहिल्यांदा दोन-चार निरोप फोनवर दिले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “अहो, ज्याला काम आहे त्याच्या घरच्यांना ग्रामसभेला यायला सांगा. तुम्ही मधे कशाला?” बरोबर होतं. मी निरोप द्यायचं सोडून दिलं. एका-दोघांना ते लागलं. लागू दे म्हटलं.

पाणी यायला वेळ लागला. ती तालुक्याला गेली, जिल्ह्याला गेली. एका साहेबाने तिला व्हरांड्यात बसवून ठेवलं तेव्हा ती पुढच्या खेपेला बचत गटाच्या सगळ्या बायका घेऊन गेली आणि सगळ्या व्हरांड्यात बसल्या. सोबत सुकटीच्या टोपल्या होत्या, बाजार करूनच आल्या होत्या. वासाने असेल किंवा कशाने, साहेब बाहेर आला. मधे एक पावसाळा फुकट गेला. मधे पाइप कमी पडले. एकदा ती फोनवर म्हणाली, “होईल असं वाटत नाही हो.” मी म्हणालो, “इथं समुद्रात बेट उभं राहतंय. मी रोज बघतो. पहिले कित्येक महिने नुसतं गढूळ पाणीच दिसत होतं.” ती म्हणाली, “तिथं पैसा आहे.” तेही खरं.

आलं शेवटी पाणी. बेटावर मोठा समारंभ झाला, पलीकडचे सगळे पुढारी आले, भाषणं झाली. माझ्या घरी भिंतीत बसवून ठेवलेली स्टीलची तोटी गंजून आवळून बसली होती, ती फिरेना. शेवटी मुलाने दगडाने ठोकून फिरवली, असं तिने सांगितलं. म्हणाली, “आधी लाल आलं. मग चांगलं आलं.” मामांनी त्या दिवशी मालकाकडून सुट्टी घेतली आणि आम्हा सगळ्यांना बिर्याणी दिली. त्यांच्या घरीही नळ आला होता.

तिची मुदत संपायच्या आधी मला बढती मिळाली आणि कंपनीने तिला व्हिजिट व्हिसा काढून दिला. मुलांना आजोळी ठेवून ती पहिल्यांदा विमानात बसली. आम्ही दोह्यातल्या अबू हमूरला एका ओळखीच्या कुटुंबाकडे राहिलो. ते वसईचे, नवरा ऑफिसात, बायको हॉस्पिटलात नर्स. त्यांची शाळेत जाणारी मुलगी मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. तिने माझ्या बायकोला विचारलं, “आर यू लाइक अ मेयर?” आईने भाषांतर केलं. बायको म्हणाली, “सांग तिला, मेयर मोठा. मी छोटी. पण निवडून आलेली.”

मी तिला द पर्ल दाखवायला नेलं. इमारती वर येत होत्या, क्रेन फिरत होत्या. ती बराच वेळ बघत राहिली. “हे सगळं तुम्ही मोजलंत?”

“मी नाही. यंत्राने. मी बोट सरळ ठेवली.”

“मग हे तुम्हीच केलंत,” ती म्हणाली. “आणि इथे पंचायत कुणाची?”

“पंचायत कसली? कंपनी आहे.”

“लोक राहायला आले की पाण्याची तक्रार कुणाकडे करतील?”



शुक्रवारी अल रुवैसला गेलो. मामांनी खोली झाडून घेतली होती, कुठून तरी एक खुर्ची आणली होती. सगळे इस्त्रीचे शर्ट घालून उभे. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी कुणाच्या अंगावर इस्त्री बघितली नव्हती. ती आत आली, मामांच्या पाया पडायला वाकली, तर मामा मागे सरकले. “नाय, नाय. सरपंचानं वाकायचं नसतं.” ती म्हणाली, “सरपंच बेटावर. इथं सून,” आणि पाया पडलीच. खुर्चीत बसायला मात्र तिने नाही म्हटलं नाही.

मालक येऊन गेले. खजुराचा डबा ठेवला, उजवा हात छातीवर ठेवून तिला सलाम केला आणि आपल्या खिचडी भाषेत विचारलं, “पानी आया?” ती म्हणाली, “आया.” ते म्हणाले, “मबरूक,” म्हणजे अभिनंदन, आणि मामांकडे बघून डोळे मिचकावले.

मग कामं निघाली. एकाने विचारलं, जेट्टीचं काय. एकाने विचारलं, शाळेला मास्तर का टिकत नाही. एकाचा भावाशी भिंतीवरून वाद होता. ती एकेकाचं ऐकत होती. जिथे होण्यासारखं होतं तिथे हो म्हणत होती. जिथे नव्हतं तिथे तोंडावर नाही म्हणत होती. जेट्टीचं म्हणाली, “माझ्या हातातलं नाही ते. ठराव केलाय, पाठपुरावा चालू आहे, पण मी वचन देणार नाही.” भिंतीच्या वादवाल्याला म्हणाली, “तुमच्या भावाचं पण ऐकायला लागेल मला. त्याशिवाय बोलणार नाही.” पूर्वी मला फोनवर ‘मामांचा शब्द आहे’ म्हणणारा माझा मित्र शेवटी म्हणाला, “वहिनी, पुढच्या वेळी परत उभ्या राहा. आम्ही सगळे घरी फोन करू.”

“फोन नका करू,” ती म्हणाली. “त्या वेळी सुट्टी काढून घरी या आणि रांगेत उभे राहा. तुमचं एक मत आहे ना, ते द्या. बायकोचं ती देईल.”

मामांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न कुणाचा, म्हणून खोलीभर बघितलं.

दारापाशी किटली तापली होती आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी उठलो, कप मांडले आणि सगळ्यांना चहा ओतला. पहिला तिला.